बाबा योकाचा विलाप

"परत म्हण," वुकाशिन म्हणाला.

"ब्लाझो ये उम्रो."

"'उम्रो'तल्या 'उ'वर जोर दे. आणि मध्ये अडखळू नकोस. तिला ते एका दमात कळलं पाहिजे."

आम्ही दोघं दगडी कुंपणाआड उभे होतो. सकाळचे साडेआठ झाले असतील. गवत दहिवरानं ओलं होतं आणि माझे जोडे घोट्यापर्यंत भिजले होते. कुंपणापलीकडे योकाचं घर, दगडी, एका दाराचं, धुराड्यातून सरळ वर जाणारा धूर. योका गाय घेऊन झऱ्यावर गेली होती. ती परत यायच्या आत मला ते तीन शब्द नीट म्हणता यायला हवे होते.

"ब्लाझो ये उम्रो."

"हां. आता बरोबर."

ब्लाझो मेला, असा त्या शब्दांचा अर्थ. ब्लाझो हा योकाचा एकुलता एक मुलगा. आणि तो मेल्याची कसलीही बातमी कुठूनही आलेली नव्हती.

मी मिरजेची. माझे वडील तंबोऱ्यांना जवारी लावायचे, त्यामुळे आवाज ऐकायचं वेड घरातूनच आलं. पुण्यात ध्वनिमुद्रण शिकले, मग शिष्यवृत्ती मिळून दोन वर्षं प्रागला गेले. वुकाशिन तिथं माझ्या वर्गात होता, माँटेनेग्रोचा. लांब हाडांचा, कमी बोलणारा मुलगा. एखादं दृश्य मनासारखं होईपर्यंत जेवायचा नाही आणि दुसऱ्यांनाही जेवू द्यायचा नाही. २००६ च्या ऑक्टोबरात त्यानं त्याच्या पहिल्या चित्रपटासाठी मला बोलावलं. मी अठ्ठावीस वर्षांची होते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत माझं नाव पहिल्यांदा एकटं येणार होतं. मी एका पायावर तयार झाले.

चित्रपटाचं नाव 'कोरडं कुंपण'. युद्धात मुलगा गमावलेल्या एका आईची गोष्ट. चित्रीकरण निकशिचच्या वरच्या डोंगरात, द्रेनोवा नावाच्या वीस-बावीस घरांच्या गावात. हॉटेल वगैरे काही नव्हतं. आम्हाला गावातल्या घरांतून वाटून दिलं होतं. माझ्या वाट्याला योका आली.

तिकडे आजीला 'बाबा' म्हणतात. पहिल्या दिवशी दुन्यानं, म्हणजे आमच्या दुभाषी मुलीनं, "ही बाबा योका" अशी ओळख करून दिली तेव्हा मला हसू आवरेना. का हसतेस म्हणून योकानं विचारलं. आमच्या भाषेत बाबा म्हणजे बाप, असं सांगितल्यावर तीही हसली. "बरोबरच आहे," ती म्हणाली. "या घरात बापही मीच आहे."

सत्तरीची होती. अंगावर काळे कपडे, ते नवरा गेल्यापासूनचे. मक्याचं पीठ, बटाटे आणि चीज एकत्र घोटून ती कचामाक नावाचा एक प्रकार करायची आणि मी ताट पुसून खाईपर्यंत समोर बसून राहायची. मला तिच्या भाषेतले चाळीसेक शब्द येत होते, तिला माझ्या भाषेतला एकही नाही. तरी आमचं बरं चालायचं. दुन्या संध्याकाळी कॉफीला आली की दिवसभराच्या साठलेल्या गोष्टी आम्ही तिच्याकरवी बोलून घ्यायचो.

एकदा दुन्या आलेली असताना योकानं एक पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं. मुंबईच्या बंदराचं चित्र. मागे चार ओळी, तारीख मार्च १९९७.

"माझा ब्लाझो," ती म्हणाली. "मालवाहू बोटीवर आहे. हे शेवटचं. तू तिथलीच ना? बोंबाय मोठं आहे का?"

"खूप मोठं आहे, बाबा."

"मग हरवायला होत असेल माणसाला," ती म्हणाली. जरा वेळानं तिनं विचारलं, "परत गेलीस की चौकशी करशील?"

करते म्हणाले. तो घर सोडून का गेला, हे मी विचारलं नाही.

इकडे चित्रपट अडला होता. आईचं काम करणारी बाई राजधानीतली नावाजलेली नटी होती. मुलाचं प्रेत दारात येतं त्या दृश्यात तिनं विलाप करायचा होता. आपल्याकडे खेड्यात मयताला बायका गळा काढून, गेलेल्याचे गुण सांगत रडतात, तसंच तिकडेही आहे. पण तिथं ती एक विद्याच आहे. ओवीसारख्या मोजून-मापून ओळी, त्या जागच्या जागी सुचत जातात, आणि ज्या बाईला ते जमतं तिला पंचक्रोशीतून बोलावणं येतं. नटीनं तीन दिवस विलाप केला. वुकाशिननं तीनही दिवसांचं फेकून दिलं.

"ही रडत नाही," तो म्हणाला. "ही रडून दाखवते."

गावकऱ्यांनी त्याला सांगितलं, की अशी बाई एकच होती, योका. तिनं तोंड उघडलं की दगडाला पाझर फुटायचा. पण नऊ वर्षं झाली, ती कुणाच्याच मयताला रडत नाही. सख्ख्या बहिणीच्यासुद्धा नाही.

वुकाशिन तिच्याकडे गेला. मी तिथंच चुलीपाशी बसले होते, दुन्या मला कुजबुजत सांगत होती. योकानं त्याला कॉफी दिली, दारूचा पेला दिला, सगळं ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

"माझा मुलगा पाण्यावर आहे," ती म्हणाली. "ज्या आईला वाट बघायची आहे तिनं हे तोंड उघडायचं नसतं. रडणं कुणावर जाऊन पडेल सांगता येत नाही."

"नुसतं खोटं खोटं, आजी. चित्रपटासाठी."

"खोटं खोटं मला येत नाही."

तो उठला. बाहेर आल्यावर त्यानं मला विचारलं, "मुलगा पाण्यावर आहे म्हणजे काय?"

मी सांगितलं. पोस्टकार्ड, मुंबई, नऊ वर्षं. मला खरंच वाटलं, की हे कळल्यावर तरी तो तिचा नाद सोडेल. दोन दिवसांनी सकाळी तो मला कुंपणापाशी घेऊन गेला.

"नऊ वर्षं पत्र नाही," तो म्हणाला. "तो मेलाय. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि तिलाही आतून माहीत आहे. तिला रडता येत नाही इतकंच. ते तिच्या छातीत अडकलंय. आपण तिला ते काढून देतोय."

"आणि जिवंत असला तर?"

"तर नंतर सांगू. लगेच सांगू, दृश्य झाल्या झाल्या. दहा मिनिटांचा प्रश्न आहे."

"तूच सांग मग."

"माझ्यावर ती विश्वास ठेवणार नाही. तू बोंबायची आहेस."

दुन्यानं भाषांतर करायला साफ नकार दिला. "मी हे तोंडानं बोलणार नाही," असं म्हणून ती निघून गेली. म्हणून तर मला शब्द पाठ करावे लागले.

मी नाही म्हणू शकले असते. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. तो एवढंच म्हणाला, "नाही म्हणालीस तर उद्या सगळ्यांना घरी पाठवतो. चित्रपट संपला." आणि मी माझं नाव पडद्यावर एकटं आलेलं पाहत होते.

योका झऱ्यावर असतानाच मी घरात गेले. एक छोटा माइक चुलीशेजारच्या फळीवर मिठाच्या बरणीमागे लावला. दुसरा दाराच्या चौकटीवर, कारण बायका विलाप करताना उंबऱ्यात येतात असं ऐकलं होतं. कॅमेरा समोरच्या कोठीच्या खिडकीत. रेकॉर्डर माझ्या खांद्यावर, कोटाखाली.

ती आली. गाय बांधली, हात धुतले. माझ्याकडे बघून हसली आणि भाकरी हवी का, असं खुणेनं विचारलं.

"बाबा," मी म्हणाले. "बोंबायहून फोन आला. ब्लाझो ये उम्रो."

मला वाटलं होतं ती किंचाळेल. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच स्टुलावर बसली, डोक्याचा रुमाल सोडला, घडी करून मांडीवर ठेवला. केस पांढरे आणि खूप लांब होते. मी ते पहिल्यांदाच पाहिले. ती उठली, दारापर्यंत गेली, दोन्ही हात चौकटीला लावले आणि सुरू झाली.

तो आवाज मला लिहून सांगता येणार नाही. खालून, पोटातून निघाला, आणि पहिल्याच ओळीला समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. माझ्या मीटरचा काटा लाल पट्ट्यात गेला.

मी काय केलं ते मला सांगायलाच हवं. माझा हात कोटाखाली गेला आणि मी बटण फिरवून आवाजाची पातळी दोन घरं खाली आणली. फाटू नये म्हणून. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बोटं त्यांचं काम अगदी बिनचूक करत होती.

चौदा मिनिटं. मधल्या काळात शेजारणी धावत आल्या, एकेक करून तिच्या मागे उभ्या राहिल्या आणि तिच्या ओळींना साथ देऊ लागल्या. पुरुष कुंपणाशी टोप्या काढून उभे राहिले. वुकाशिननं दुसरा कॅमेरा सरळ अंगणात आणला. कुणाचं लक्ष नव्हतं.

संपल्यावर योका माझ्याकडे वळली. तिनं दोन्ही तळव्यांत माझा चेहरा धरला आणि काहीतरी विचारलं. मला त्यातला एकच शब्द कळला, 'कुठे'. कुठे पुरलं, असं ती विचारत होती.

हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी अंगणाकडे बघितलं. वुकाशिन बोट गोल फिरवत होता. चालू ठेव.

माझ्या चाळीस शब्दांत 'जवळ' होता आणि समुद्राला एक शब्द होता. 'मोरे'. मोऱ्यांच्या घरातली माझी मावशी, म्हणून तो लगेच लक्षात राहिला होता.

"मोरे," मी म्हणाले. "समुद्राजवळ."

तिनं मान हलवली. समाधानानं हलवली असं मला तेव्हा वाटलं.

दहा मिनिटांची दुपार झाली. वुकाशिन काही बोलेना. शेवटी दुन्याच तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. फोन आला नाही, हे चित्रपटासाठी केलं, तो मेल्याचं कुणालाही माहीत नाही.

योकानं ते ऐकलं आणि मला जवळ बोलावलं. "तू सांग."

"खोटं," मी म्हणाले. तो शब्द मला येत होता. "लाझ. बाबा, लाझ. मी खोटं बोलले."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि दुन्याशी बोलली. दुन्यानं मला ते सांगितलं. "ती म्हणते, भली पोर आहेस. म्हातारी मरेल म्हणून आता खोटं बोलतेस. पण अशा गोष्टीत कुणी आधी खोटं बोलत नसतं. तिला तर पुरल्याची जागासुद्धा माहीत आहे."

आम्ही परत परत सांगितलं. गावातल्या दोघातिघांनी सांगितलं. जितकं सांगावं तितकी ती आमचीच समजूत घालायची. तिसऱ्या दिवशी गावातल्या खांबांवर आणि झाडांवर कागद लागले. तिकडे माणूस गेला की फोटो, नाव आणि खाली शोक करणाऱ्यांची नावं छापून असे कागद चिकटवतात. ब्लाझोचा चोविशीतला फोटो, कपाळावर केस आलेला. तीन दिवस लोक भेटायला येत राहिले. वुकाशिननं तेही सगळं चित्रित केलं.

आम्ही निघालो तेव्हा तिनं मला मिठी मारली आणि थँक्यू म्हणाली. दुन्यानं भाषांतर करायची गरज नव्हती. 'ह्वाला' एवढं मला कळत होतं.

'कोरडं कुंपण' खूप गाजला. पाच-सहा महोत्सवांत बक्षिसं मिळाली. त्या दृश्यात नटीच्या विलापाच्या जागी योकाचा विलाप अडीच मिनिटं आहे आणि ज्यानं ज्यानं त्या चित्रपटावर लिहिलं त्यानं त्या अडीच मिनिटांवर लिहिलं. बाकीचा भाग वुकाशिननं कापला, कारण पुढच्या ओळी गोष्टीत बसत नव्हत्या. त्यात काय आहे हे मी त्याला विचारलं नाही. मी भारतात परत आले. मुंबईत गोरेगावला स्वतःचा छोटा स्टुडिओ टाकला. कुणी त्या दृश्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "गावातली बाई होती. उपजत कलावंत."

ब्लाझोची चौकशी मी कधीच केली नाही.

२०१२ च्या नोव्हेंबरात स्टुडिओच्या पत्त्यावर ई-मेल आला. मोडक्या इंग्रजीत. 'मी ब्लाझो. माझी बोट न्हावाशेव्याला चार दिवस आहे. तुम्हाला भेटायचं आहे.'

दुपारी तीनला तो आला. चाळिशीचा, कानशिलांवर पांढरा, हाताला ग्रीसचा न जाणारा काळेपणा. फोटोतला मुलगा त्याच्यात सापडायला मला वेळ लागला. मी चहा मागवला. तो म्हणाला, "साखर कमी," तेही हिंदीत.

"माझं नाव कुठून मिळालं?"

"चित्रपटाच्या शेवटी एकच हिंदुस्थानी नाव आहे," तो म्हणाला. "आणि आई म्हणायची, केसाळ काठी धरणारी हिंदुस्थानी मुलगी." केसाळ काठी म्हणजे लांब दांड्यावरचा, वाऱ्यासाठी केसाळ आवरण घातलेला माझा माइक.

तो बोलत गेला, शांतपणे, बोटीवरच्या कामाचा हिशोब द्यावा तसा. २००८ मध्ये बोटीवरच्या एका इंजिनियरकडे माँटेनेग्रोच्या चित्रपटांच्या डीव्हीडी होत्या. सुट्टीच्या दिवशी सगळे बघत बसले. त्यानं आधी घर ओळखलं, मग दाराची चौकट, आणि मग चौकटीतली बाई. तिच्या तोंडून आपलं नाव ऐकल्यावर त्याला वाटलं हा दुसरा कुणी ब्लाझो असेल. मग पडद्यावर झाडावरचा कागद आला.

"मी पुढच्या बंदरात उतरलो आणि घरी गेलो."

"मग?" मी विचारलं.

"आधी मला ते ऐकवा. पूर्ण. चुलतभाऊ म्हणाला चौदा-पंधरा मिनिटं रडली. चित्रपटात तेवढं नाही."

पूर्ण मुद्रण माझ्याकडे होतं. मी ते लावलं. तो खुर्चीत ताठ बसला, हात गुडघ्यांवर. अडीच मिनिटं झाली, चित्रपटातला भाग संपला, आणि पुढचा भाग सुरू झाल्यावर त्यानं हात वर केला.

"थांबवा. तुम्हाला हे कळतं?"

"नाही."

"मग सांगतो."

तो थांबवायला सांगे, ओळ सांगे, पुन्हा लावायला सांगे. मी बटण दाबत होते. त्याचा आवाज एकदाही चढला नाही.

"म्हणते, ब्लाझो, माझ्या घराच्या तुळई. परक्या बंदरात तुला कुणी अंघोळ घातली." तो थांबला. "पुढे. म्हणते, बापाला ट्रॅक्टरखालून काढला तेव्हा मी सगळ्या गावासमोर बोलले, याच्याऐवजी तू का नाही गेलास. ट्रॅक्टर मी चालवत होतो. मी चोवीस वर्षांचा होतो."

मी बटणावरचा हात काढला.

"लावा. म्हणते, देवानं ऐकलं. नऊ वर्षं लावली, पण ऐकलं. जीभ माझी होती, मरण तुझं झालं." त्यानं पुन्हा लावायची खूण केली. "म्हणते, तू जाताना दार वाजवलंस. मी जागी होते. मी उघडलं नाही."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला वाटलं झोपली आहे. मी तीनदा वाजवलं." त्यानं चहाचा पेला उचलला, रिकामा होता, परत ठेवला. "पुढे लावा."

शेवटच्या चार मिनिटांचं त्यानं फारसं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "तेच तेच आहे. ये म्हणते. कडी काढली आहे म्हणते. नऊ वर्षं लावलेली नाही म्हणते."

स्टुडिओत दारं बंद केली की बाहेरचं काही ऐकू येत नाही. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"मी गेलो," तो म्हणाला. "दुपारची वेळ. ती दारात आली. मी म्हणालो, आई. ती बघत राहिली. म्हणाली, तुम्ही कुणाकडे आलात?"

त्यांच्या भाषेतही आपल्यासारखं 'तू' आणि 'तुम्ही' आहे. तो मला समजावून सांगायला लागला, मी म्हणाले, कळलं.

"चुलतभावानं सांगितलं, पाद्रीनं सांगितलं. ती म्हणाली, माझा मुलगा बोंबायमध्ये गेला. समुद्राजवळ पुरला आहे. ज्या मुलीनं सांगितलं ती माझ्या घरात राहिली होती, माझं खाल्लं होतं तिनं. ती खोटं बोलणार नाही."

"त्यांना ओळखू येत नव्हतं? वयामुळे?"

"मलाही तसं वाटायचं. मी दोन वर्षं गावात राहिलो. चुलतभावाकडे. तिची लाकडं फोडायचो. ती पाहुण्याला देतात तशी मला कॉफी द्यायची, चांगल्या कपात. एकदा मी तिचं छप्पर दुरुस्त करत होतो. खालून म्हणाली, तुम्ही सावकाश चढा. माझा मुलगा असाच घाई करायचा." त्यानं माझ्याकडे बघितलं. "मग तिनं शिडी धरली. मी उतरेपर्यंत सोडली नाही. आता तुम्ही सांगा, ओळखलं होतं की नव्हतं?"



"गेल्या वर्षी फेब्रुवारीत वारली. कागद तिनं आधीच छापून घ्यायला सांगितला होता. खाली शोक करणाऱ्यांची नावं. चुलतभाऊ, त्याची बायको, दोन भाच्या. मी त्यात नाही. मेलेल्याचं नाव तिथं कसं येईल?" तो किंचित हसला. "माणसं ओळीनं उभी राहतात, लोक हात मिळवत पुढे जातात. मी ओळीत उभा राहिलो. काहींनी हात मिळवला, काहींना काय करावं कळेना. बापाच्या थडग्यावर माझं नाव आहे. पुढे २००६. आणि खाली कोरलं आहे, 'समुद्राजवळ विसावला'."

तेवढे शब्द मात्र वुकाशिनचे नव्हते.

"ते तिला तुम्ही सांगितलंत ना? समुद्राजवळ?"

"हो."

"का?"

"तिनं विचारलं म्हणून," मी म्हणाले. "आणि कॅमेरा चालू होता म्हणून."

त्यानं मान हलवली. मी माफी मागायला लागले तेव्हा त्यानं हात वर केला, मघाशी मुद्रण थांबवायला केला होता तसाच.

"माफ आईनं केलं असतं," तो म्हणाला. "तिला तुम्ही आवडायचात. मी करत नाही." मग उठला. "मला याची एक प्रत द्या. आणि तुमच्याकडचं पुसून टाका. चित्रपटात आहे ते जगाचं झालं. पुढचं माझं आहे."

मी पेन ड्राइव्हवर प्रत करून दिली. पुसते म्हणाले. तो लिफ्टनं खाली गेला. मी खिडकीतून पाहिलं. तो रिक्षावाल्याशी भाडं ठरवत होता. नंतर त्याचं मला पुन्हा कधी काही कळलं नाही.

मी ते पुसलं नाही. उद्या पुसू म्हणत राहिले.

२०१६ मध्ये वुकाशिनचा फोन आला. चित्रपटाला दहा वर्षं होणार होती. नवी, मोठी आवृत्ती काढायची होती, महोत्सव मागत होते. बेलग्रेडच्या लॅबमधल्या मूळ प्रती पाण्यानं खराब झाल्या होत्या.

"विलाप पूर्ण वापरायचा आहे," तो म्हणाला. "सगळी चौदा मिनिटं. तुझ्याकडे आहे का?"

या वेळी कुणी मला कुंपणाआड नेलेलं नव्हतं. चित्रपट बंद पडणार नव्हता. मला एकेका ओळीचा अर्थ माहीत होता. नाही म्हणायला फक्त एक शब्द लागला असता, तोही माझ्याच भाषेतला. मी हेडफोन लावून ते पहिल्यापासून ऐकलं. मी आयुष्यात इतकं चांगलं दुसरं काही मुद्रित केलेलं नाही. एकही ओळ फाटलेली नाही. बायकांची साथ कशी मागून येते, डोंगरावरून आवाज कसा परततो, सगळं आहे.

मी पाठवून दिलं.

नव्या आवृत्तीत तो विलाप सलग आहे, खाली इंग्रजीत भाषांतर. ट्रॅक्टर, दार, कडी, सगळं. प्रेक्षक तिथं श्वास रोखून बसतात म्हणे. ध्वनीसाठी मला त्या वर्षी एक मानचिन्ह मिळालं, ते स्टुडिओत आहे.

फिल्म सोसायटीची मुलं कधी कधी येतात. यादी करत असतात, कुठल्या देशाचं काय बघावं. मॅडम, माँटेनेग्रोचे कुठले चित्रपट बघण्यासारखे आहेत, तुम्ही तिथं काम केलंय ना? मी तीन-चार नावं सांगते. मग 'कोरडं कुंपण' सांगते आणि म्हणते, दोन आवृत्त्या आहेत, लांब असलेली बघा.